घाणीतला कोपरा

खुणेचा चुना संपला की आमचे साहेब बिंदूवर थुंकायचे. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे खूण लाल आणि ठसठशीत उमटायची. मग ते मला म्हणायचे, "ठोक खुंटी." मी श्वास रोखून वाकायचो आणि मान फिरवून हातोडा मारायचो. दिग्रसपासून मुकुटबनपर्यंत कितीतरी शेतांच्या कोपऱ्यांत मी अशा खुंट्या ठोकल्या. गावोगावचे लोक त्यांना खर्रासाहेब म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

साहेबांचा खासगी मोजणीचा धंदा होता आणि मी त्यांचा मदतनीस. जुन्या नकाशावरून शेताचे कोपरे यंत्रात भरून आणायचे आणि मग ते जमिनीवर शोधायचे. काठीच्या टोकावर पांढऱ्या टोपीसारखं यंत्र, हातात लहानसा पडदा, पडद्यावर एक बाण. बिंदू कुठे आहे आणि किती लांब, हे तो बाण सांगतो. त्याला काटे दिसत नाहीत, चिखल दिसत नाही. साहेबांनाही दिसत नसे. एकदा बाणाने आम्हाला नाल्यात मरून फुगलेल्या डुकरापाशी नेलं. साहेबांनी त्याच्या पोटाला खेटून काठी उभी केली, वाकून पाणसळीचा बुडबुडा मध्यात आणला आणि मला म्हणाले, "नाक घरी ठेवून येत जाय बे. इथं डोळे लागतात."

त्यांच्याकडे एकच दुपट्टा होता. त्याने ते पडदा पुसत, घाम पुसत, नाक पुसत आणि दुपारी त्यातच पोळ्या गुंडाळलेल्या असत. त्यातली एक पोळी मोडून ते माझ्यापुढे धरत. मी उपास सांगायचो. आठवड्यात इतके उपास कोणत्या देवाचे, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मला 'सोवळेबुवा' म्हणून हाक मारायचे, एवढंच. एसटीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी असली तरी मी दांडा धरून उभा राहायचो. माझी आई आजारी पडली तेव्हा हाच माणूस न सांगता दवाखान्यात येऊन बसला होता आणि तिथेही मी त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून बसलो. आज त्याची लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून किळस जात नाही, हेही लिहिलं पाहिजे.

दिग्रसकडच्या एका तांड्यावर सोनीबाई नावाची म्हातारी होती. साहेब तिला याडी म्हणत, तिच्या बोलीत आई. तिला विहीर खणायची होती. पाणी पाहणाऱ्याने जागा दाखवली होती ती तिच्या शेताच्या टोकाला, नाल्याजवळ. गावातल्या माणसांचं म्हणणं, ती जागा तिच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बाहेर आहे, गावाच्या पडीत जमिनीत आहे. कोपऱ्याचा मूळ दगड कुठेच नव्हता. खर्रासाहेब मोजतील ते मान्य, यावर दोन्ही बाजू कशाबशा तयार झाल्या. विहीर नाही झाली तर शेत विकून लेकाकडे जाईन, असं सोनीबाईने आम्हाला सांगितलं. लेकाकडे तिला जायचं नव्हतं.

आम्ही काठी घेऊन निघालो. वाटेत आधीच्या मोजणीवाल्यांच्या खुणा लागल्या. आधी एक लोखंडी खुंटी, पुढे एक पुरलेला दगड, त्याच्याही पुढे सिमेंटचा तुकडा. बाण तिन्ही ओलांडून पुढेच दाखवत होता आणि पुढे सगळ्या गावाची परसाकडची जागा होती. नुकताच पाऊस होऊन गेलेला. त्या चिखलात काय काय कालवलेलं होतं ते लिहायला हात धजत नाही. माश्यांचा आवाज लांबून ऐकू येत होता. मी कोरड्या जागेवर थांबलो आणि म्हणालो, "साहेब, इथूनच अंदाजाने ठोकू. थोडंच तर राहिलंय."

साहेबांनी मागच्या तिन्ही खुणांकडे पाहिलं. "आतापर्यंत जो आला तो असाच नाक धरून आला," ते म्हणाले. "नाक जिथं थांबलं तिथं त्यानं खुंटी ठोकली. थोडंच थोडंच म्हणत याडीची विहीर गेली ना बे."

त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आत चालू लागले. नाल्यावरच्या रपट्यावर गावातली माणसं बसली होती. सरपंचाचा भाऊ उठून म्हणाला की तिकडे जायचं कारण नाही, ती गावाची वापरातली जागा आहे.

"कायच्या वापरातली?" साहेबांनी आतूनच विचारलं. "वेशीवर तर पाटी लावून राह्यले, हागणदारीमुक्त गाव. मंग मी उभा कायच्यात हाओ, ते सांगा ना."

मागे एक जण फिसकन हसला. सरपंचाचा भाऊ खाली बसला.

यंत्र वाजलं. साहेबांनी खुंटीसाठी हात पुढे केला. मी आत गेलो नाही. काठावरून खुंटी फेकली, मग हातोडा फेकला, कुत्र्याला भाकर टाकावी तसा. हातोडा त्यांच्या पायाशी पडला आणि चिखल त्यांच्या तोंडावर उडाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि खुंटी स्वतः ठोकली. विहिरीची जागा, त्याच चिखलातली, धुऱ्याच्या चांगली आत आली.

सोनीबाईने त्यांच्या पायांवर बादल्या ओतल्या. त्यानंतर ते तिथे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी जीपच्या मागे गेले. पाण्याची बाटली द्यायला मी मागे गेलो, तर ते चाकाला धरून ओकत होते. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बराच वेळ थांबेना. शेवटी त्यांनी चूळ भरली. मला म्हणाले, "मले बी नाक आहे बे. सांगत नसतो."

त्यानंतरही मी एसटीत उभाच राहिलो.

साहेब गेल्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. तांड्यावर निरोप पोचला नसेल म्हणून मी स्वतः गेलो. त्या टोकाला आता कुंपण आहे, तूर उभी आहे आणि मधोमध बांधलेली विहीर आहे. सोनीबाईने ऐकलं आणि विहिरीच्या कठड्यावर बसली. "काहून गेला?" एवढंच म्हणाली. मग उठून तिने पाणी शेंदलं आणि तांब्या माझ्यापुढे केला. मी म्हणालो, तहान नाही.

"जागा आठवली का?" तिने विचारलं.

मी खाली पाहिलं.

"साहेबाले बी आठवली होती. पाणी लागलं तवा आलता. तांब्या हातात धरून लय वेळ बसला. मंग पेला."

मी तांब्या घेतला. पाणी गार होतं, गोडही होतं. पहिला घोट तोंडात फिरत राहिला, आत जाईना. सोनीबाई माझ्याकडेच बघत होती. मी डोळे मिटले आणि गिळला.