सीटखालची ओळ

माझ्या स्कूटरचं सीट शिवणारे एक भाऊ जळगावात आहेत. कविता सुचली की रेक्झिनच्या उलट्या बाजूला बॉलपेननं लिहितात आणि तेच रेक्झिन कुणाच्यातरी सीटवर चढवून टाकतात. कविता सगळ्या अहिराणीत. "कागदावर लिहा की," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "कागद कोनले दखाडू?" कुणाला दाखवू?

मग मीच हट्टानं त्यांना आमच्या कविसंमेलनात नेलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. कविता कागदावर उतरवून आणली होती. ती सारखी उघडत होते, मिटत होते. त्यांची पाळी आली तेव्हा यादीतलं मुस्लिम नाव वाचून सूत्रसंचालक कौतुकानं म्हणाले, "आता भाईजान एक उर्दू शेर ऐकवतील!"

भाऊंनी कागद खिशात घातला आणि कुणाचातरी पाठ असलेला शेर म्हटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी माझं सीट नवं करून दिलं.

परवा, तीन वर्षांनी, ते फाटलं. रेक्झिनच्या उलट्या बाजूच्या पांढऱ्या कापडावर निळ्या शाईत एकच ओळ होती: 'मी आठलाच शे.' मी इथलाच आहे.

तीन वर्षं मी तिच्यावर बसून गावभर हिंडत होतो.