उभ्या मेंढराला औषध नाही

सुकन्या औषधांवर संशोधन करते म्हटल्यावर वरकुट्यातल्या बायाबापड्या तिच्यापुढं बीपीच्या गोळ्यांची पाकिटं धरत. तीही न कंटाळता वाचून द्यायची. पण बारामतीच्या फार्मसी कॉलेजात ती नक्की काय करते, हे काही कुणाच्या गळी उतरत नसे. कॅन्सर बरा करायचं औषध ती शोधत नव्हती. त्या औषधानं होणाऱ्या उलट्या थांबवायच्या, एवढंच तिचं काम. "म्हंजी दुखणं ठिवून उलटीच्या मागं लागायचं व्हय?" असं एका तात्यांनी तोंडावर विचारलंही होतं. तात्या, उलट्यांना कंटाळून माणसं उपचार सोडतात आणि मग दुखणं मोकाट सुटतं, असं ती समजावायची. जिभेवर ठेवताच विरघळणारी एक पातळ पट्टी ती बनवत होती. तिच्या नादात आलेली स्थळं परत गेली आणि बाईंचा घरोबा राहिला तो प्रयोगशाळेतल्या उंदरांशी.

अशात तिच्या आईला, सारजाला, स्तनाचा कॅन्सर निघाला. लवकर सापडलाय, सगळे डोस पुरे झाले तर त्या बऱ्या होतील, असं डॉक्टर म्हणाले. सुकन्यानं पदर खोचला. हे तर तिच्याच घरचं काम होतं.

केमोचं सलाईन बारामतीत लागायचं. चांगलं लालभडक. सुकन्या म्हणायची, माझ्या खोलीवर राहा. पण सारजाला शेरडांची ओढ. शेरडं बघायला मल्हार, सारजाचा थोरला लेक, घरीच होता, तरी संध्याकाळी ती वरकुट्याला परत. या सलाईनची उलटी लबाड असते. पहिला दिवस इंजेक्शनवर निभावतो आणि घरी गेल्यावर ती माणसाला गाठते. त्यासाठीच्या गोळ्या सुकन्या स्वतः आईच्या पिशवीत घालायची, कधी घ्यायच्या ते बजावायची, आणि रोज फोन करायची.

"आई, गोळ्या आहेत ना?"

"हायत की."

तरी सारजाच्या पोटात पाण्याचा घोट टिकेना. सुकन्यानं डॉक्टरांना गळ घालून आणखी भारी गोळ्या लिहून घेतल्या. फरक शून्य. परिषदांमधून उलट्यांवर भाषणं ठोकणाऱ्या बाईला आपल्या आईची उलटी थांबवता येत नव्हती. याची तिला लाज वाटायची आणि भीतीही.

तिसऱ्या सलाईननंतर सारजानं लेकीपुढं हात जोडले. "बाय, मरू दे मला. त्या लाल पाण्याला मी न्हाय यायची आता."

सुकन्यानं विनवलं, अबोला धरला, गळ्याची शपथ घातली. सारजा बधली नाही. पुढं दुखणं यकृतात उतरलं आणि डॉक्टरांनीच हात टेकले. सारजानं अंथरूण धरलं, तेव्हा सुकन्या रजा टाकून गावी आली.

एका दुपारी सारजा म्हणाली, "सुकन्ये, फळीवरचा डबा काढ."

डब्यात फडक्यात बांधलेल्या गोळ्या होत्या. सुकन्यानं दिलेल्या, सगळ्याच्या सगळ्या. एकही पाकीट फोडलेलं नाही.

"आई! तू घेतल्याच नाहीस?"

"अगं, उलट्या व्हत्या, पर चालतीफिरती व्हते की मी. तुझा बा काय म्हणायचा? उभ्या मेंढराला औषध घालवायचं न्हाय. पडल्यावर लागतील म्हणून ठिवल्या."

सुकन्याचे वडील बिरदेव मेंढरं घेऊन घाटाखाली हिंडायचे. सगळ्या कळपाला मिळून औषधाची एक बाटली, ती आडव्या झालेल्या मेंढरासाठी. लहानपणी त्या मेंढराचं तोंड धरायचं काम सुकन्याचंच होतं. इतकं माहीत असून तिनं रोज गोळ्या आहेत का विचारलं. घेतलीस का, हे एकदाही विचारलं नाही. तिला ओरडावंसं वाटलं, डबा भिंतीवर आपटावासा वाटला. पण आई आशेनं तिच्याकडं बघत होती.

"आता पडलीया न्हवं मी? आता दे."

आता उलट्या नव्हत्या, सलाईन नव्हतं आणि त्या गोळीला थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सुकन्यानं पाकीट फोडून एक गोळी काढली. आईचं डोकं मांडीवर घेतलं, मेंढराची धरायची तशी हनुवटी धरली आणि घोटभर पाण्यासोबत गोळी पाजली.

"आता उतार पडंल बग," सारजा म्हणाली.

"व्हय, आई," सुकन्या म्हणाली.