गिअरवरचं झाकण

मिक्सर मशीनला झेंडूचा हार घातला होता. सुपरवायझरनं नारळ उचलला, मला बघितलं आणि थांबला.

"ए, तू फाटकाबाहेर थांब. मशीनला रक्त लागलंय, शांत करतोय. परत अपशकुन नको."

रक्त माझंच. म्हणजे मशीनशी माझं रक्ताचं नातं. तरी बाहेर.

बेलवलीच्या त्या साइटवर काँक्रीटचा मिक्सर मीच चालवायचो. स्लॅबच्या दिवशी मशीन थांबवायची नाही, ही आमच्याकडची रीत. गिअरवरचं पत्र्याचं झाकण कधीच काढून भिंतीला टेकवलेलं. सारखं काढघाल करायला वेळ कोणाला? दात्यांत खडी अडकली. चालू मशीनमध्ये हात घातला. वर्षानुवर्षं घालत आलो होतो, मोठा शहाणा. उजव्या हाताची दोन बोटं गेली. स्लॅब मात्र पुरा झाला.

फाटकापाशी उभा राहिलो. आतली सगळी माझ्यासोबत एका डब्यात जेवलेली माणसं. एकानंही मान वर केली नाही. खोबरं वाटलं, माझ्यापर्यंत आलं नाही. घरच्या बारशाला, साखरपुड्याला किस्से सांगणारा मी, भोवती घोळका असायचा. इथे ऐकायला कुत्रं नव्हतं.

मग सुपरवायझर कागद घेऊन आला. आवाज एकदम गोड.

"काका, अंगठा द्या इथं. फॉर्मॅलिटी आहे, शेठ बोलले."

दहावी नापास असलो तरी वाचता येतं. 'दारूच्या नशेत स्वतःच्या चुकीने हात घातला.'

दारू! मेव्हण्याच्या वरातीत एकदाच बियर प्यालो आणि नवरदेवाच्या बुटांवर ओकलो. अख्ख्या खानदानाला पाठ आहे. पण चूक? हात तर मीच घातला होता. तिथं अडखळलो. अंगठा जवळजवळ टेकलाच.

जन्मभर स्वतःवर हसत आलो. लोक हसायचे, मला ती माया वाटायची. आता माझा मूर्खपणा शेठच्या कामी येत होता.

"झाकण लिहा," मी म्हणालो.

"काय?"

"गिअरवर झाकण नव्हतं. मशीन थांबवायची नाही असं तुम्हीच बजावलेलं. ते लिहा, मग सही करतो."

"डोकं फिरलं काय तुझं? अंबरनाथपासून वांगणीपर्यंत एक साइट उभं करणार नाय तुला!"

मागे मशीन सुरू झाली. नवा माणूस गिअरपाशी वाकला होता. झाकण भिंतीलाच.

कागद अंगठा न देताच परत केला.

कामगार ऑफिससाठी अर्ज लिहिलाय, डाव्या हातानं. अक्षर बालवाडीतलं. बायको म्हणाली, "साक्षीला कोण येणार?" साइटवरच्या तिघांकडे जाऊन आलो. तिघांनी चहा तेवढा दिला.

उद्या एकटाच जातोय. पहिल्या ओळीत लिहिलंय: गिअरवर झाकण नव्हतं, आणि आजही नाही.