बावीस की सतरा

मुलांनो, आज शेजारच्या खुराड्यातून ओल्या भुशाचा वास आला आणि हॅमिल्टनबाहेरचं आपलं जुनं घर आठवलं. तेव्हा एक फेरेट, म्हणजे मुंगसासारखा लांबट प्राणी, माझ्या कोंबड्या मारत होता. सहातल्या दोनच उरल्या होत्या. आजोबांनी बंदुकीचं लायसन्स काढलं होतं, पण काडतूस बावीस कॅलिबरचं, म्हणजे जरा जाड गोळीचं घ्यावं की नवीन आलेलं बारीक सतराचं, हे ठरेना आणि ते ठरल्यावाचून रायफलही घेता येईना.

दुकानात मी शेवटी चिडलेच. "अहो, काहीतरी एक घ्या!"

"अगं, सतराची गोळी हलकी, वाऱ्याने भरकटते."

"खुराडं वीस पावलांवर आहे. तिथे कसला वारा?"

"दोन्ही स्वीट ॲज," म्हणजे दोन्ही झकास, असं दुकानदार तिथल्या इंग्रजीत म्हणाला. आजोबा पुन्हा वहीत दोन्हींच्या तुलनेचे रकाने आखू लागले.

आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. दुसऱ्या सकाळी दोन्ही कोंबड्या गेलेल्या होत्या.

झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणाऱ्या त्या माणसाला कुठलंच काडतूस नको होतं, हे मला आज कळतं. राग मात्र अजून आहे. तसं स्पष्ट सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी खुराड्याची जाळी बदलून घेतली असती.