आधीच घासलेली भांडी

अठरा जुलै, शुक्रवार. सकाळची कामं उरकून जुन्या लग्नपत्रिका कापायला घेतल्या. पत्रिकेच्या जाड कागदाला वर्षानुवर्षं टिकणारा एक वास असतो, थोडा अत्तराचा, थोडा हळदीचा, थोडा कपाटातल्या डांबरगोळीचा. आणि वरची सोनेरी चमकी एकदा बोटांना लागली की दुपारच्या पोळ्यांपर्यंत सोबत करते. शुभविवाह असो, मुंज असो की वास्तुशांत, पत्रिकेची पाठ बहुधा कोरी असते, आणि मला पाठच हवी होती. एकेका तुकड्यावर जाड पेनानं एकेक इंग्रजी सहायक क्रियापद लिहीत गेले: कॅन, मे, मस्ट, शुड, डू. दुपारी तीनला हारुमी-सानची शिकवणी होती.

बावीस वर्षं मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत हट्टानं जपानी शिकून घेतलं. शेंद्रा आणि बिडकीनच्या बाजूला कारखाने वाढले, कारखान्यांबरोबर जपानी अभियंते आले, अभियंत्यांबरोबर त्यांच्या बायका आल्या, आणि या सगळ्यांना इंग्रजी हवं होतं. घरी बसून दुसऱ्यांच्या सुनांविषयी बोलण्यापेक्षा हे बरं, असा मी सरळ विचार केला.

इंग्रजीतली ही एवढीशी क्रियापदं जपानी माणसाला का छळत असतील? कारण जपानी वाक्य आपल्यासारखंच आहे. क्रियापद शेवटी, आणि परवानगी, सक्ती, शक्यता, जे काही असेल ते त्या क्रियापदाच्या शेपटाला. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचा, तोही अक्षरशः आपलाच 'का'. 'केलं तरी चालेल' असं म्हणायला त्यांच्याकडेही 'केलं तरी बरं' अशीच रचना आहे, आणि 'केल्यावाचून चालणार नाही' याची तर तिथं सख्खी बहीण नांदते. इंग्रजीत मात्र सक्ती आधी येते आणि काम मागून. मस्ट कानावर आदळल्यावर मग कळतं, की आपल्याला नक्की काय करायचं आहे. आपण आणि जपानी लोक आधी काम सांगतो, आणि तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याचा चेहरा बघून ठरवतो, की याला सक्ती जोडावी की सवलत. केवढी ही सोय! ती सोडून दुसऱ्या घरात जायचं म्हणजे जड जाणारच. आणि 'डू'चं तर विचारूच नका. ती लग्नातली करवली. नवरीमागे दिवा घेऊन उभी; लग्न काही तिच्यामुळे लागत नाही, पण ती जागेवर नसली की सगळा मांडव विचारतो.

हारुमी-सान चाळिशीच्या आहेत. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात, आणि चिकलठाण्याच्या बाजूला सातव्या मजल्यावर दोघांचंच घर. विद्यार्थिनी म्हणून त्या उत्तम. फक्त एक गोष्ट मला गेले काही दिवस दिसत होती. मस्टचं वाक्य करायला सांगितलं की त्या ते स्वतःवरच करत. मी लवकर उठलंच पाहिजे. मी आणखी नीट पुसलंच पाहिजे. 'तुम्ही' घालून करा म्हटलं, की वही मिटून हसत. मी ते लाजाळूपणात टाकलं आणि पुढच्या धड्याकडे वळले. शिक्षकाची ही जुनी खोड आहे. वाक्य बरोबर असलं, की ते काय म्हणतंय ते ऐकायचंच नाही.

साडेबाराच्या सुमाराला गयाबाई आली. करमाडच्या अलीकडे एका वस्तीवर तिचं घर. माणसं मेंढरं राखणारी. सासऱ्यानं वर्षातले आठ महिने कळपामागं चालून काढले. आता नवरा थोडी मेंढरं, थोडी शेती आणि थोडी रोजंदारी असं जमवतो, आणि ही रिक्षात बसून शहरात कामाला येते. गुडघ्यानं दगा दिला म्हणून ती शेतातून घरकामात आली. नऊ वर्षं माझ्याकडे होती. मार्चमध्ये हारुमी-सानना दिवसभराची बाई हवी होती, तेव्हा मीच तिला तिथं लावलं. त्यासाठी तिनं माझ्यासकट तीन घरं सोडली, आणि सोडलेली घरं दुसऱ्या बायकांनी आठवड्याच्या आत धरली. म्हणजे हे काम गेलं तर मागं काही उरलेलं नव्हतं.

कामाचा दिवस अर्ध्यावर सोडून आलेली ती उंबऱ्यापाशी बसली आणि पाणीही न पिता म्हणाली, की जपानी बाई तिला काढणार. कशावरून, म्हणून विचारलं. पहिले तीन महिने सगळं ठीक होतं. गेले तीन आठवडे मात्र ती नऊला पोचते, तेव्हा फरशी पुसलेली असते, भांडी घासून पालथी घातलेली असतात, दोरीवर कपडे असतात आणि मोज्यांच्या जोड्यासुद्धा जुळवलेल्या असतात. बाई हसून 'बसा' म्हणते आणि चहा देते. 'बसा' हा शब्द मीच शिकवलेला. फुकट बसून चहा पिणं गयाबाईला जमेना, म्हणून ती पालथी भांडी उचलून पुन्हा घासू लागली, पुसलेली फरशी पुन्हा पुसू लागली. निदान बाईच्या कानावर आवाज तरी पडावा. तर बाई आणखी लवकर उठून आणखी लख्ख करायला लागली. आणि काल तिनं दोन्ही हातांनी खाऊचा एक पुडा दिला आणि कमरेत वाकली. एवढं वाकून माणूस निरोपच देतं, अशी गयाबाईची खात्री.

"काम नाय म्हणजी बाई नको झाली, ताई. कुणी निघ म्हणायच्या आत आपण निघावं. सोमवारपासून मी जात नाय."

मग करणार काय, असं विचारल्यावर म्हणाली, कपाशीच्या खुरपणीला जाईन. कोणत्या गुडघ्यावर बसून खुरपणार, हे मी विचारलं नाही, कारण ते तिलाही ठाऊक होतं. सोमवार अजून लांब आहे, आधी जेव, एवढं म्हणून तिला ताट वाढलं. जेवून तिनं ताट घासलं, शेजारचा माझा कुकरही घासला, आणि गेली.

तीनला मी सातव्या मजल्यावर. टेबलावर कार्डं मांडली, पण हारुमी-सानच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि त्या हाताआड जांभई लपवत होत्या. कार्डं तशीच ठेवली आणि जपानीत सरळ विचारलं, की किती वाजता उठता? साडेचार, म्हणाल्या. का?

मग जे बाहेर आलं ते असं. एकदा त्यांनी सहज एक पातेलं स्वतः घासून ठेवलं. गयाबाईनं आल्या आल्या ते खाली काढलं आणि पुन्हा घासलं. गयाबाईच्या घरची रीतच तशी. रात्रीचं स्वच्छ भांडंही सकाळी एकदा हिसळल्याशिवाय चुलीवर चढत नाही. हारुमी-साननी ते पाहिलं आणि समजल्या, की आपलं घासणं या बाईंना पसंत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्त नीट घासलं. गयाबाईला वाटलं, आपलं काम काढून घेतलं जातंय. तिनंही सगळं पुन्हा घासलं. हारुमी-सान उठायला साडेसहाच्या सहाला, सहाच्या पाचला, पाचच्या साडेचारला आल्या. आपल्या घरचा मळ परक्या माणसाच्या नजरेला पडावा याची त्यांना मुळातच लाज, त्यात ही रोजची परीक्षा. कालचा पुडा हा निरोप नव्हता. तो माफीचा होता. आणि आज त्यांचं ठरलं होतं, की नवऱ्याच्या कार्यालयात सांगून गयाबाईंना मोकळं करायचं. इतक्या कुशल बाईंना आपल्या घरी रोज मनस्ताप का द्यायचा?

"मी कितीही पुसलं," त्या म्हणाल्या, "तरी त्यांच्या मनासारखं होत नाही."

हसू येत होतं, पण हसण्यासारखं नव्हतं. दोन कष्टाळू बायका तीन आठवडे एकाच ओट्यावर एकमेकींशी शर्यत लावून होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण हरतो आहोत. शिवाय त्या मस्टच्या वाक्यांचं आता मला वेगळंच ऐकू आलं. मी लवकर उठलंच पाहिजे. मी आणखी नीट पुसलंच पाहिजे. हारुमी-सान मला दर आठवड्याला आपली हकिकत सांगत होत्या आणि मी त्यांना बरोबरच्या खुणा देत होते.

पण आपण तरी वेगळं काय करतो? बाई यायच्या आधी ताटातलं खरकटं काढतो, दुधाचं पातेलं खरवडतो, न्हाणीघरातले केस उचलतो, आणि 'बाई काय म्हणेल' म्हणत घर तिला दाखवण्याजोगं करतो. त्याला आपण सौजन्य म्हणतो. असेलही. पण त्यात आपली अब्रू किती आणि तिची सोय किती, हे कुणी तपासून पाहत नाही. काम सांगणं म्हणजे हुकूम सोडणं, अशी भल्या माणसांची एक समजूत असते, आणि म्हणून ती सांगायचं टाळतात. जिचे हात रिकामे राहतात तिला मात्र त्या घरात उभं राहायला जागा उरत नाही. चहा दिल्यानं ती जागा होत नाही. पाहुण्याला चहा पुरतो. कामाच्या माणसाला काम लागतं.

हे सगळं मी हारुमी-सानना सांगत बसले नाही. गयाबाई काय समजून बसली आहे आणि काम गेल्यावर तिला कुठं जावं लागेल, एवढं सांगितलं. कार्यालयात सोमवारपर्यंत काही बोलायचं नाही हे मी कबूल करून घेतलं, आणि गृहपाठ दिला: आज रात्री जेवल्यावर भांडी सिंकमध्ये ठेवायची आणि झोपायचं. फक्त विसळून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. नाही. पाणी घालून ठेवू? तेही नाही. एकदा नळ सोडला की त्यांचा हात थांबणार नाही हे मला दिसत होतं. मस्टनं सांगावं की शुडनं, असा क्षणभर विचार केला आणि मस्ट लावलं.

संध्याकाळी गयाबाईला फोन करून सांगितलं, की पुडा माफीचा होता, आणि उद्या ये, मीही तिथं येते. ती म्हणाली, "तुमी कशाला? साक्षीला?" व्हय, साक्षीलाच, म्हटलं.

शनिवारी सकाळी पावणेनऊला मी त्यांच्या दारात होते. हारुमी-सान रात्रीतून दोनदा उठून सिंक बघून आल्या होत्या, हात लावला नव्हता. भांडी होती. खरकटी, सुकलेली, पण तळाशी मोठी ताटली, तिच्यावर लहान, तिच्यावर वाट्या, आणि जेवायच्या काड्यांच्या दोन जोड्या कडेला समांतर. एका पातेल्याच्या बुडाशी रस्सा पार करपून बसला होता. माझ्यासाठी केलेल्या चहाचा कप मी न विसळता त्या ढिगावर ठेवला.

नऊला गयाबाई आली. तिनं सिंककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला. हारुमी-सान स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभ्या होत्या. मी त्यांना कोपराला धरून बाहेरच्या टेबलाशी आणलं, बसवलं आणि कालचा राहिलेला धडा उघडला. आत भांडं वाजलं की त्या उठू पाहत. मी पानावर बोट ठेवून पुढचं वाक्य वाचायला लावी. आतला आवाज बराच वेळ चालला. मग नळ बंद झाला आणि गयाबाई हात पुसत दारात आली. चेहरा त्रासलेला होता.

"ताई, तिला सांगा, करपलेल्या भांड्यात रातीच पाणी घालून ठेवत जा म्हणावं. लई वेळ गेला माझा. आन् ही असली मऊ घासणी काय कामाची? सोमवारी मी माझी तारेची घेऊन येते."

मी ते सगळं जसंच्या तसं जपानीत सांगितलं, पाणी घालू नका असं मीच सांगितलं होतं तेही गयाबाईला सांगितलं. हारुमी-साननी वही ओढली आणि पातेल्याचं वाक्य लिहून घेतलं. त्यांचं लिहून होईपर्यंत मी थांबले, आणि पुढचं वाक्य वाचायला सांगितलं.