झोपेतल्या धामणीची चिता

मेलेल्या सापाला हात जोडायचे आणि तोच जिवंत दिसला की काठी शोधायची, या आमच्या भक्तीची मला इतकी चीड आहे की आठवण जरी झाली तरी माझ्या टाळूवर पापड भाजून निघतील.

बाळापूरच्या अलीकडे आमची फुलकोबीची वाडी. तिच्या धुऱ्यावर, शेजाऱ्याच्या बांधालगत, दगडांचा ढिगारा, आणि ढिगाऱ्यात एक धामण. लांबी एवढी की तोंड आमच्या शेतात असताना शेपूट शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर लागे. उंदीर तिच्या वासानेच तालुका सोडत. थंडी पडली की ती दगडांखाली शिरायची, ती उन्हं तापल्यावरच बाहेर यायची. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, त्या जागी कोबीच्या दोन जास्तीच्या ओळी दिसत होत्या.

मागच्या पौषात ढिगारा उपसायला त्याने खोदायचं मशीन आणलं.

"थांब दादा, खाली धामण झोपली हाय!"

"तुही ते अर्ध्या कोसाची धामण? जाय बे, चहा आण."

मी तिची लांबी गावभर इतकी वाढवून ठेवली होती की ती मुळात आहे हेच कोणी मानेना. पण म्हणून खाली वाकून पाहायलाही काय कंबर मोडत होती?

तिसऱ्या खोऱ्यात ती बाहेर पडली. वेटोळं घातलेली, ताठ, दोरखंडासारखी. थंडी अशी होती की ड्रायव्हरच्या बिडीचा धूर वर जायचाही कंटाळा करत होता. साप पाहताच ड्रायव्हर मात्र बिडी टाकून पळाला, तो परत आलाच नाही.

भाऊजी ताईला घेऊन अकोल्याहून हुरड्याला आले होते. विज्ञानाचे मास्तर. शीतनिद्रेचा धडा वीस वर्षं शिकवतात; फळ्यावर बेडूक असा काढतात की पुढची पोरं पाय वर घेतात. त्यांनी लांबून काडीने टोचलं.

"गेलेला आहे. हालचाल नाही."

"भाऊजी, थंडीनं झोपली हाय ते! तुमचाच धडा हाय न!"

"साळेबुवा, धड्यातले प्राणी थंड देशातले. आपल्याकडचे परीक्षेला येत नाहीत."

आईने पदर डोक्यावर घेतला. "नागोबा गेला वो माय! अग्नी द्या, नाई त कुळाले दोष लागन."

"आई, धामण हाय ते."

"मेल्यावर सारे नागोबाच."

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची चिता रचली. तूप आलं, हळदकुंकू आलं, डोक्यावर तांब्याचा पैसा ठेवला. ताई सासरी जाताना रडली नसेल एवढी रडली. ज्याने मशीन लावलं तोच दादा अनवाणी, हातात आगपेटी. मी लाथेने पऱ्हाट्या उधळायला गेलो तर त्याने मला कोबीत ढकलून दिलं. मी उठेपर्यंत एका बाजूने जाळ लागला होता.

ऊब लागली. धामणीला वाटलं असेल, चैत्र आला. आधी शेपूट हललं, मग मान उचलली. आईचा मंत्र अर्ध्यात तुटला. भाऊजी मशीनच्या सीटवर दिसले. तिथे ते कसे पोचले हे विज्ञानालाही ठाऊक नाही.

"साप! काठी आणा!" दादा.

"आत्ता नागोबा होता न बे! आत्ता पाया पडला न!"

दादाच्या हाती आलेली काठी मी हिसकावली आणि गुडघ्यावर मोडायला गेलो. काठी मोडली नाही. गुडघा अजून बोलतो. फावड्याने धामणीला जाळाबाहेर ओढलं, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात सारली, वरून टोपलं झाकलं. ती वाचली होती, पण रात्री पारा उतरला की उघड्यावर मरणार होती. तिचं घर तर आम्ही शेतभर पसरलं होतं.

मग मी दगड उचलायला लागलो. दुपारभर. एकटा. प्रत्येक दगडासोबत एकेक शिवी, आणि एकही दुसऱ्यांदा वापरली नाही. भाऊजी सीटवरूनच म्हणाले, "मध्ये फटी ठेव. हवा खेळली पाहिजे."

"तुमी खाली या न भाऊजी, एक गोटा त उचला!"

ते आले नाहीत.

उन्हं कलली तेव्हा टोपलं उचललं. ती जड, सुस्त सरपटत फटीत शिरली. शेपूट आत जाईपर्यंत मी फावडं घेऊन फटीपाशीच उभा राहिलो.

दादा धुऱ्यावर उभा होता. "उन्हाळ्यात मशीन पुन्हा लावतो मी. सांगून ठेवतो."

"लाव. ते जागी असन तवा लाव," मी म्हणालो. "मंग पाहू कोणाच्या छातीत दम हाय ते."