सावंत काकांनी सेव्ह दाबलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि ती तर सावंत काकांच्या शेजारच्याच खोलीत राहते, भोईवाड्यात.

परळच्या एका धर्मशाळेसाठी मी वेबसाइट बनवली होती. गावाकडून उपचाराला येणाऱ्या पेशंटचं नाव घालायचं, सेव्ह दाबायचं, की खोली राखून ठेवली जायची. नावं घालायला सावंत काका बसायचे. गोदीतून रिटायर झालेले, एका बोटाने टाइप करणारे. मला हसू यायचं. मी शहाणी ना!

वेबसाइट नीट चालते का, याची टेस्टही माझीच. नोंद सेव्ह करायची आणि ती खरंच डेटाबेसमध्ये गेली का ते तिथून परत काढून बघायचं. मी परत काढलीच नाही — कंटाळा, दुसरं काय? डेटाबेसला न विचारता, मीच नुकत्याच भरलेल्या हातातल्या नोंदीला विचारलं, तुझ्यात नाव आहे ना? ती कशाला नाही म्हणेल? टेस्ट पास झाली.

मग एक दिवस कराडहून एक बाई आल्या, आजारी नवऱ्याला घेऊन. यादीत नाव नाही, खोली दुसऱ्याला गेलेली. दोन रात्री ती दोघं फुटपाथवर झोपली. काका सांगत होते, मी नाव घातलं होतं. मला बोलावणं आलं. दहा मिनिटांत कळलं — मोबाइल नंबर रिकामा असला की नोंद सेव्हच होत नव्हती, आणि स्क्रीनवर मात्र ‘नोंद झाली’ दिसत होतं. त्या बाईंकडे मोबाइल नव्हता. माझ्या टेस्टच्या नोंदीतही नंबर रिकामाच होता; ती परत काढून बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं.

आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हणाले, काका, सेव्ह दाबायचं राहिलं असेल, वयोमानाने होतं असं.

काका आपल्या बोटाकडे बघत राहिले. “असेल गो बाय,” म्हणाले.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती मी त्याच संध्याकाळी गुपचूप केली.

काका पुन्हा धर्मशाळेत गेले नाहीत. काकी गेल्यापासून तेवढंच एक ठिकाण होतं त्यांना. आता गॅस बंद केला का, हे तीनतीनदा बघतात. मी दादरला एकटी राहते, आणि खरं सांगू? हे पोटात ठेवून कुणाच्या जवळ बसवतच नाही.

गेल्या रविवारी मी आईकडे चाळीत गेले होते. काकांनी दाराला कुलूप लावलं आणि मला म्हणाले, “जरा ओढून बघ गो. माझा काय भरवसा.”

मी ओढून बघितलं. नीट लागलेलं होतं. “लागलंय काका,” मी एवढंच म्हणाले.